मेन राज्यातील ‘जनरल असिस्टन्स’: अर्ज, कागदपत्रे आणि खर्चाचा भार

अमेरिकेच्या मेन राज्यात ‘जनरल असिस्टन्स’ ही गरजूंसाठीची मदत चालवणे प्रत्येक शहराला व गावाला कायद्याने बंधनकारक आहे. हा शेवटचा आधार असल्यामुळे वरच्या योजनांतील काटछाटीचा भार अखेर येथेच येतो. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने मुले असलेल्या कुटुंबांच्या रोख साहाय्याला, म्हणजे ‘टॅनफ’ला (TANF), ६० महिन्यांची मर्यादा घातली. मेनने ती २०१२ पासून काटेकोरपणे लागू केली, तेव्हा साहाय्य बंद झालेल्या अनेक कुटुंबांना नगर कार्यालयाची पायरी चढावी लागली.

अर्ज राहत्या गावाच्या कार्यालयात करावयाचा असतो. तो घेण्यास नकार देता येत नाही आणि २४ तासांत लेखी निर्णय द्यावा लागतो. सोबत ओळखपत्र, कुटुंबातील व्यक्तींची माहिती, मागील ३० दिवसांच्या उत्पन्नाचे पुरावे, भाड्याचा करार आणि वीज व इंधनाची बिले न्यावीत. दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्याला आधीचे उत्पन्न गरजेच्या गोष्टींवरच खर्च झाल्याचे दाखवावे लागते, त्यामुळे किराणा दुकानाची साधी पावतीही टाकून देऊ नये. मंजूर रक्कम सहसा अर्जदाराच्या हाती पडत नाही. घरमालकाच्या किंवा दुकानदाराच्या नावे व्हाउचर निघते.

उत्पन्न कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी असले, तरी तेवढ्याने भागत नाही. दुसऱ्या योजनेतून मदत मिळण्याजोगी असेल, तर लेखी सूचनेनंतर ७ दिवसांत तेथे अर्ज करावा लागतो. अन्य योजनेचे नियम सबळ कारणाशिवाय मोडल्याने तेथील साहाय्य गेले असेल, तर ती तूट गाव भरून देत नाही. ही अट अर्जदाराला जाचक वाटते, परंतु गावाच्या तिजोरीचे संरक्षण तीच करते.

१,००० डॉलरच्या व्हाउचरपैकी ७०० डॉलर राज्य परत करते, उरलेले ३०० मुख्यतः स्थानिक मालमत्ता करातून जातात. २०१५ पूर्वी परतावा ठरावीक खर्चापर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ९० टक्के होता. सरसकट ७० टक्क्यांमुळे लहान गावांना दिलासा मिळाला, तर पोर्टलंडसारख्या मोठा खर्च असलेल्या शहरावर बोजा वाढला.

निर्णय अमान्य असल्यास पत्र मिळाल्यापासून कामकाजाच्या ५ दिवसांत सुनावणी मागता येते.