एकच चेंडू, गावोगावची हवा

ऑगस्ट संपता संपता युरोपातले व्यावसायिक गोल्फपटू स्वित्झर्लंडमधल्या क्रान्स-मोंटानाला येतात आणि आल्या आल्या त्यांना जुनं पाठांतर मोडावं लागतं. कुठल्या क्लबने, म्हणजे गोल्फच्या काठीने, मारलेला चेंडू किती लांब जातो, हे या मंडळींना पाढ्यांसारखं पाठ असतं. इथे ते पाढे चुकतात. ऱ्होन नदीच्या खोऱ्याच्या वर, सुमारे 1500 मीटर उंचीवर हे गाव वसलंय. तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा जवळपास 14 टक्के विरळ. त्यामुळे 150 मीटरच्या बेताने मारलेला चेंडू ढोबळमानाने नऊ मीटर पुढे जाऊन पडतो. भोकात रोवलेला झेंडा नेमका धरून मारलेला फटका ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड हिरवळीच्या, पार मागे!

महिन्याभराने त्यांतलेच बरेच जण स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी आणि किंग्सबार्न्सच्या मैदानांवर खेळत असतात. तिथे हवा दाट, थंड, वर समुद्राचा वारा. या व्यावसायिकांच्या स्पर्धांची मालिका, युरोपियन टूर, 1972 साली सुरू झाली. तिच्या हंगामात कोण जिंकलं यापेक्षा मला ही हवापालट जास्त मोहवते. क्लब तेच, चेंडूही तसाच; बदलते ती हवा.

हा चेंडू जरा हातात घेऊन बघा. वजन जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम, व्यास किमान 42.67 मिलिमीटर. अंगभर तीन-चारशे खळ्या. अंगठा फिरवला की सीताफळाची आठवण यावी, फक्त इथे डोळे आत गेलेले. या खळ्या शोभेच्या नाहीत. तेवढ्याच जोराने मारलेला गुळगुळीत चेंडू जेमतेम निम्मं अंतर जाईल.

हे कळलं ते अनुभवातून. पूर्वी चामड्याच्या पिशवीत पिसं ठासून चेंडू करत. 1848 च्या सुमारास मलायातल्या झाडांच्या चिकापासून, म्हणजे गटापर्चापासून केलेले चेंडू आले. ते स्वस्त होते, पण नवे कोरे असताना नीट उडत नसत. खेळून खेळून चरे पडलेले जुने चेंडू मात्र सरळ आणि लांब जात. मग कारागीर नव्या चेंडूंवर हातोडीने मुद्दाम चरे पाडू लागले. आजच्या खळीचं पेटंट विल्यम टेलर या इंग्रज माणसाने मिळवलं, तेव्हा विसावं शतक उजाडलं होतं.

कारण असं. चेंडू उडत असताना हवेचा एक पातळ थर त्याच्या अंगाला चिकटून वाहतो. गुळगुळीत चेंडूवर हा थर मध्यावरच सुटतो आणि मागे कमी दाबाचा मोठा भोवरा तयार होतो. तोच चेंडूला मागे खेचतो. खळ्यांमुळे थरात खळबळ माजते, बाहेरची वेगवान हवा आत मिसळते आणि थर चेंडूला आणखी मागपर्यंत धरून राहतो. भोवऱ्याची शेपटी आखडते आणि हवेचा रोध साधारण अर्ध्यावर येतो. क्रिकेटच्या चेंडूची शिवण याच थराशी खेळते, म्हणून तो स्विंग होतो.

दुसरी गंमत फिरकीची. एडिंबराचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट गोल्फवेडे होते. त्यांचा मुलगा फ्रेडी 1896 आणि 1898 साली ब्रिटनचा हौशी विजेता ठरला. चेंडू हवेत इतका वेळ तरंगतो कसा, याचा ध्यास टेटांनी घेतला. त्यांनी चेंडूला एक लांब, पीळ नसलेली फीत बांधली, तिचं दुसरं टोक जमिनीत रोवलं आणि समोरच्या चिकणमातीच्या भिंतीत तो चेंडू मारायला लावला. फितीला पडलेले पीळ मोजले. निष्कर्ष: सेकंदाला 40 ते 120 फेरे, तेही उलट्या दिशेने. एका फितीच्या जोरावर काढलेला हा आकडा! आज रडारने मोजलं तर ड्रायव्हरच्या, म्हणजे सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबच्या, फटक्याला मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला चाळीसेक फेरे भरतात.

उलटी फिरकी चेंडूवरून जाणाऱ्या हवेला खाली वळवते आणि त्याच्या बदल्यात चेंडू वर उचलला जातो. लेगस्पिनरचा टॉपस्पिन चेंडू अचानक खाली येतो ना, त्याच्या बरोबर उलट.

आता क्रान्सला परत या. विरळ हवेत रोध कमी होतो, तशीच ही उचलही. चेंडू लांब जातो, पण कमी उंच जातो आणि तिरपा उतरतो, त्यामुळे थांबवायला अवघड. नुसतं ‘लांब जातो’ म्हणून भागत नाही ते यामुळे.

सेंट अँड्र्यूजला सगळा खेळ वाऱ्याचा. ओल्ड कोर्स एडन नदीच्या मुखाकडे जातो आणि तिथून वळून परत गावाकडे येतो, म्हणजे जाताना पाठीशी असलेला वारा येताना तोंडावर. समोरचा वारा रोध वाढवतो, तशी उचलही वाढवतो. चेंडू फुगल्यासारखा वर चढतो, जास्त वेळ हवेत राहतो आणि तेवढा वेळ वाऱ्याचा मार खातो. पाठचा वारा उचल कमी करतो, म्हणून समोरच्या वाऱ्याने गमावलेलं सगळं तो परत देत नाही. समोरच्या वाऱ्यात जोर लावणं ही चूक. जोर लावला की फिरकी वाढते. जाणते खेळाडू चेंडू जास्त लांब नेणारा क्लब घेऊन सावकाश, बुटका फटका मारतात आणि उरलेलं अंतर वाळूवरच्या कडक, आखूड गवतावर चेंडूला घरंगळू देतात. समुद्रापासून दूर, चंदीगडला वाढलेल्या जीव मिल्खा सिंगने 2012 साली कॅसल स्टुअर्टच्या अशाच किनारी मैदानावर स्कॉटिश ओपन जिंकली, याचं मला म्हणून फार अप्रूप वाटतं.

दमट हवा जड असते आणि चेंडूला अडवते, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर पाण्याचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका, त्यामुळे त्याच तापमानाची दमट हवा किंचित विरळच असते. खरा फरक थंडीचा. हवा दाट होतेच, शिवाय चेंडूतलं रबर आखडतं आणि क्लबशी होणाऱ्या अर्ध्या मिलिसेकंदाच्या भेटीत त्याची उसळी कमी पडते. चेंडू मुद्दाम तापवून खेळायला नियमांची बंदी आहे. म्हणून ऑक्टोबरच्या सकाळी टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभा असलेला कॅडी, खेळाडूची पिशवी वाहणारा सोबती, चिमूटभर गवत उपटतो, खांद्याच्या उंचीवरून सोडतो, ते कुठे पडतं ते बघतो, आणि मग पिशवीतून एक नंबर लांबचा क्लब काढून देतो.