कमीत कमी रेषांत छापलेला चेहरा : एक पूर्वपीठिका

डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके, नाकपुड्यांचे आणखी दोन, ओठांची जेमतेम एखादी रेघ आणि भोवती जाड काळी कड. ब्रिटिश चित्रकार ज्युलियन ओपीने २००० साली ‘ब्लर’ या बँडच्या निवडक गाण्यांच्या अल्बमसाठी चौघांचे चेहरे असे रंगवले आणि ही शैली घरोघरी पोचली. संगणकयुगाचं अपत्य म्हणून तिच्याकडे बघितलं जातं. पण चेहऱ्यातला तपशील गाळायला छापचित्रकार फार आधीच शिकले होते, तेही हौसेने नव्हे, बरंचसं नाइलाजाने.

लाकडी ठशाच्या छपाईत सहसा प्रत्येक रंगाला वेगळा ठसा कोरावा लागतो. तिथे गालावरची सावली उतरवायची म्हणजे जिकिरीचं काम. त्यापेक्षा रेषेवरच सगळा भार टाकणं परवडतं. जपानचा छापचित्रकार कितागावा उतामारो याने १७९० च्या दशकात नेमकं हेच केलं. १७९३ च्या सुमाराच्या त्याच्या एका चित्रात एदो (आजचं टोकियो) शहरातल्या तीन नामांकित सुंदरी आहेत. पहिल्या नजरेला तिघी सख्ख्या बहिणी वाटतात. जवळून पाहिलं की नाकाचा बाक, भुवईची ठेवण, डोळ्याचा आकार यांत केसभर फरक दिसतो; उरलेली ओळख कपड्यांवरची आणि पंख्यावरची चिन्हं पटवतात. ओपी स्वतः उतामारोच्या छापचित्रांचा संग्राहक आहे, त्यामुळे हा धागा समीक्षकांनी ओढूनताणून जोडलेला नाही.

युरोपात १८९० नंतर स्विस चित्रकार फेलिक्स व्हॅलोटनने लाकूडठशांत लेखकांचे चेहरे निव्वळ काळ्या-पांढऱ्या डागांत बसवले.

पॉप आर्टच्या, म्हणजे जाहिराती-सिनेमांतली चित्रं कलेत आणणाऱ्या चळवळीच्या, हाती आलं स्क्रीन प्रिंटिंग. जाळीतून शाई एक तर उतरते, नाही तर अडते. मधली राखाडी छटा दाखवायची तर ठिपक्यांची मदत घ्यावी लागते. ऑगस्ट १९६२ मध्ये मेरिलिन मन्रो गेली आणि अँडी वॉरहॉलने ‘नायगारा’ या १९५३ च्या चित्रपटाचं तिचं प्रसिद्धीछायाचित्र उचललं. त्याच छायाचित्रावरून १९६७ मध्ये त्याने दहा छापचित्रांचा संच काढला. प्रत्येक चित्र ३६ इंच लांब-रुंद, आवृत्ती २५० संचांची. चेहरा, केस, ओठ, पापण्यांवरचा रंग, सगळे सपाट आणि मुद्दाम भडक. तरीही वॉरहॉलला मिनिमलिस्ट, म्हणजे कमीत कमीत भागवणारा, म्हणणं मला पटत नाही. त्याच्याकडे तपशील गाळला तो कॅमेऱ्याने आणि जाळीने. रेष त्याने शोधलीच नाही.

ती शोधली ब्रिटिश चित्रकार पॅट्रिक कॉलफील्डने. घरगुती ऑइलपेंटचे सपाट रंग आणि सगळीकडे सारख्या जाडीची काळी कड, हा त्याचा खाक्या. १९६३ मधलं त्याचं स्पॅनिश चित्रकार ह्वान ग्रीसचं व्यक्तिचित्र म्हणजे पिवळ्या पार्श्वभूमीवरचा निळ्या सुटातला माणूस, बस्स. पुढच्या वर्षापासून तो छापचित्रांकडे वळला. लंडनमधला ख्रिस प्रेटरचा केल्प्रा स्टुडिओ तेव्हा ब्रिटिश कलावंतांची स्क्रीन प्रिंट छापत होता. कॉलफील्डच्या जवळच जाणारी समान जाडीची रेष चित्रकार मायकेल क्रेग-मार्टिननेही वापरली. आणि लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात ओपीला शिकवणाऱ्यांत क्रेग-मार्टिन होता.

ओपी छायाचित्र संगणकावर घेऊन त्यावर रेषा काढतो. प्रिंटर आता हव्या तितक्या छटा छापतो, म्हणजे जुनी तांत्रिक सक्ती संपलेली. काटकसर मात्र त्याने आपणहून ठेवली. डोळे सगळ्यांचे सारखेच ठेवल्यावर ओळख सरकते केसांच्या भांगाकडे, चष्म्याच्या काड्यांकडे, मानेच्या कलाकडे. त्याची नक्कल करणारे नेमके इथेच फसतात: कड जाड करतात, मान मात्र सगळ्यांची एकाच साच्यातली.