ग्रेसफुल शटडाउन (असमकालिक, म्हणजे एका कामाची वाट पाहताना दुसरे पुढे नेणाऱ्या, आज्ञावलींतील)

थांबण्याचा सिग्नल (प्रणालीकडून आज्ञावलीला येणारी सूचना) मिळताच आज्ञावलीने नवे काम घेणे बंद करून, हातातले पुरे किंवा रद्द करून, फाइली व जोडण्या मिटवून बाहेर पडणे. युनिक्स-कुळातील प्रणालींत सिगटर्म (क्र. १५) आणि कंट्रोल-सी दाबल्यावर येणारा सिगइंट (क्र. २) यांसाठी आज्ञावलीला स्वतःचा हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारे फंक्शन) नेमता येतो, आज्ञावली तत्काळ संपवणाऱ्या सिगकिलसाठी (क्र. ९) येत नाही.

सिग्नल कोणत्याही दोन यंत्र-आदेशांमध्ये येऊ शकतो. त्या क्षणी मॅलॉकचे (स्मृती मागून घेणाऱ्या फंक्शनचे) काम अर्धवट असेल आणि हँडलरनेही मॅलॉक बोलावले, तर स्मृतीच्या नोंदी बिघडतात किंवा आज्ञावली स्वतःच्याच कुलपात अडकते. म्हणून पॉझिक्स हे युनिक्स-कुळातील प्रणालींचे सामायिक मानक हँडलरमध्ये मोजकीच फंक्शने सुरक्षित मानते. थेट बाइट लिहिणारे राइट त्यांत आहे, मजकूर मांडून छापणारे प्रिंटएफ नाही. इव्हेंट लूपमध्ये (घटनांची वाट पाहून त्या हाताळणाऱ्या मुख्य चक्रात) याहून बारीक फट असते. लूपने ‘थांबा’ ही खूण तपासली आणि सिलेक्टमध्ये (घटना येईपर्यंत झोपवणाऱ्या फंक्शनमध्ये) झोपी जाण्याआधीच सिग्नल आला, तर हँडलरने लावलेली खूण लूप पुन्हा जागा होईपर्यंत दुर्लक्षित राहते.

यावरील ‘सेल्फ-पाइप’ युक्तीत हँडलर पाइपमध्ये (एका टोकाला लिहून दुसऱ्या टोकाला वाचता येणाऱ्या वाहिनीत) एक बाइट लिहितो व लूप दुसऱ्या टोकावर लक्ष ठेवतो. बाइट पाइपमध्ये टिकून राहतो, त्यामुळे फट बुजते. मात्र पाइप भरल्यास हँडलर अडकू नये म्हणून लिहिण्याचे टोक नॉन-ब्लॉकिंग (वाट न पाहता लगेच परतणारे) हवे. युक्तीचे श्रेय सामान्यतः संगणकशास्त्रज्ञ डॅनियल बर्नस्टाइन यांना दिले जाते व काळ १९९० च्या सुमाराचा मानतात. तथापि कल्पना इतकी साधी आहे की ती इतरांनाही स्वतंत्रपणे सुचली असणे शक्य आहे. श्रेय स्पष्ट मांडणीपुरते मानणे अधिक सयुक्तिक. सिग्नल-मास्क (तात्पुरत्या रोखलेल्या सिग्नलांची यादी) बदलणे आणि झोपणे एकाच अविभाज्य क्रियेत करणारे पीसिलेक्ट हाच खरा उपाय, असेही एक मत आहे. पण लिनक्स कर्नलमध्ये ते २.६.१६ आवृत्तीत (२००६) आले. तोवर सी भाषेच्या लायब्ररीतील (तयार फंक्शनांच्या संग्रहातील) त्याच्या नकलेत नेमकी हीच फट होती. सिग्नल फाइलसारखे वाचू देणारे सिग्नलएफडी २.६.२२ मध्ये (२००७) आले, तेही लिनक्सपुरतेच. इव्हेंट लूप पुरवणारी लिबयूव्ही ही लायब्ररी आजही पाइप वापरते, तर पायथन भाषेचे असमकालिक कामांसाठीचे असिंकआयओ त्याच तत्त्वावर सॉकेटची जोडी.

सिग्नल लूपपर्यंत पोचल्यावर कामे रद्द करावी लागतात. पायथनमध्ये रद्द करण्याची सूचना अपवादाच्या (एक्सेप्शनच्या) रूपात येते आणि सर्व नेहमीच्या चुका पकडणारे ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ सरसकट लिहिणारा कोड ती गिळत असे. ३.८ आवृत्तीत (२०१९) तिचा वर्ग, त्या ओळीत पकडला जाऊ नये म्हणून, थेट बेसएक्सेप्शनखाली नेला गेला, हा बदल योग्यच होता. या साऱ्याला मुदत असते: आज्ञावली चालवणाऱ्या-थांबवणाऱ्या साधनांपैकी मूळ मांडणीत डॉकर १०, कुबरनेटिस ३० व सिस्टिमडी ९० सेकंद थांबते, मग सिगकिल पाठवते.

विंडोजवर असिंकआयओच्या लूपला सिग्नल-हँडलर जोडण्याची सोय नाही.