पीएफमधला कामगाराचा वाटा आणि मालकाचा वाटा: चलन एक, टॅक्सचा नियम वेगळा

मार्च आला की सोलापुरात दरवर्षी तेच ऐकायला मिळतं. "पीएफचं थोडं मागंपुढं झालं तरी चालतंय ओ, इन्कम टॅक्स रिटर्नच्या मुदतीआत भरलं की टॅक्समध्ये खर्च म्हणून वजा मिळतो." अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलवाला असो, पूर्व भागातला चादरीचा कारखानदार असो नाहीतर युनिफॉर्म शिवणारा, सगळ्यांच्या तोंडी हेच. आणि हे अर्धं बरोबर आहे म्हणूनच जास्त नुकसान करतं. मालकाच्या वाट्यापुरतं खरं आहे, पण कामगाराच्या पगारातून कापलेल्या वाट्याला ते लागू होत नाही म्हणजे नाही.

टक्केवारी तुम्हाला पाठ आहे, म्हणून पटकन उरकतो. कामगाराचे 12 टक्के, मालकाचे 12 टक्के, विडी कारखान्यांना 10. मालकाच्या 12 मधले 8.33 पेन्शनला जातात, तेही 15,000 पगाराच्या मर्यादेपर्यंत. ॲडमिन चार्जेस आणि विम्याचे पैसे मालकानंच भरायचे. ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याला, कामगाराचे 0.75 आणि मालकाचे 3.25 टक्के. यात कुणाचा फारसा घोळ होत नाही, सॉफ्टवेअर करून देतं.

घोळ होतो तो तारखेत. दोन्ही वाटे एकाच चलनात, एकाच दिवशी जातात, त्यामुळं इन्कम टॅक्ससाठीही ते एकच असतील असं वाटतं. तसं नाहीये.

मालकाचा वाटा हा तुमचा स्वतःचा खर्च. त्याला इन्कम टॅक्स कायद्याचं कलम 43बी लागतं. वर्षाच्या रिटर्नच्या मुदतीच्या आत भरला की त्याच वर्षात खर्च मिळतो, आणि त्याहून उशीर झाला तर ज्या वर्षी भराल त्या वर्षी मिळतो. म्हणजे खर्च पुढं सरकतो, बुडत नाही.

कामगाराचा वाटा हा मुळात तुमचा पैसाच नाही. भिशीचे पैसे ज्याच्याकडं जमा असतात त्याच्या खिशात ते असले तरी त्याचे नसतात ना, तसंच हे. कायदा काय करतो, पगारातून कापलेली रक्कम आधी तुमचं उत्पन्न म्हणून धरतो, कलम 2(24)(x), आणि मग म्हणतो की ठरलेल्या तारखेच्या आत कामगाराच्या खात्यावर टाकली तरच वजावट देतो, कलम 36(1)(va). ही ठरलेली तारीख पीएफ कायद्यातली, पुढच्या महिन्याची 15. रिटर्नची तारीख इथं येतच नाही. 16 तारखेला भरलं तरी वजावट गेली, आणि पुढच्या वर्षीही मिळत नाही, कायमची गेली.

आकड्यात बघा. 25 माणसं, प्रत्येकी 14,000 पगार, म्हणजे महिन्याचा पगार साडेतीन लाख. कामगारांचे 42,000 आणि मालकाचे 42,000. भागीदारी फर्म आहे, टॅक्स 30 टक्के आणि वर सेस, म्हणजे 31.2. एक महिना दोन दिवस उशीर झाला की कामगारांचे 42,000 उत्पन्नात धरले जातात आणि 13,104 रुपये टॅक्स लागतो. ज्यांचे बाराही महिने दोन-चार दिवस मागं असतात त्यांचे 5,04,000 धरले जातात, त्यावर टॅक्स 1,57,248. पैसे तर पीएफला पूर्ण भरलेत, पीएफ ऑफिसचं व्याज आणि डॅमेजेस (उशिराचा दंड) वेगळे भरलेत, तरी हा टॅक्स द्यायचाच. तेच मालकाच्या वाट्याचे 5,04,000 रिटर्नच्या आत भरलेत म्हणून पूर्ण खर्चात मिळतात.

मग जुने लोक उलटं का सांगतात? कारण एकेकाळी ते खरं होतं. मुंबई हायकोर्टासकट बऱ्याच हायकोर्टांनी कामगाराच्या वाट्यालाही रिटर्नची मुदत चालते असं म्हटलं होतं, गुजरात हायकोर्टानं उलटं सांगितलं. 2021 च्या फायनान्स ॲक्टनं कायद्यात स्पष्टीकरण घातलं आणि 12 ऑक्टोबर 2022 ला सुप्रीम कोर्टानं चेकमेट सर्व्हिसेसच्या केसमध्ये विषय संपवला, कामगाराचा वाटा ठरलेल्या तारखेलाच. इतकं होऊनही तोच जुना सल्ला अजून फिरतोय याचा मला खरंच राग येतो, कारण भुर्दंड सल्ला देणाऱ्याला नाही, कारखान्याला बसतो.

दुसरा जुना सल्ला म्हणजे "20 तारखेपर्यंत सवलत असते". ती पाच दिवसांची सवलत 2016 मध्येच काढून टाकली. ईएसआयचीही तारीख 15 च आहे, आणि कामगाराच्या 0.75 टक्क्यांना हाच नियम.

31 मार्चचं तर बोलूच नका. वर्षअखेर आली म्हणून ऑगस्ट, सप्टेंबरचं थकलेलं सगळं 30-31 मार्चला भरून टाकायची धावपळ चालते. कामगाराच्या कापलेल्या पैशासाठी जरूर भरा, उद्याच भरा, त्याच्या पासबुकात ते दिसायलाच पाहिजेत, आणि कापून न भरणं हा भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताचा गुन्हा आहे. पण टॅक्सच्या वजावटीसाठी 31 मार्चला काही अर्थ नाही. कामगाराच्या वाट्याची तारीख कधीच गेलेली असते आणि मालकाच्या वाट्याची अजून यायची असते.

मी तर सगळ्यांना 10 तारीख धरायला सांगतो. चलन तयार केलं म्हणजे पैसे भरले असं होत नाही, शेवटच्या दिवशी साइट अडकते, बँकेची सुट्टी येते. डिसेंबरच्या पगाराचं चलन 15 जानेवारीला, म्हणजे ऐन गड्ड्याच्या यात्रेत, अर्धं शहर सिद्धेश्वराच्या दर्शनाला आणि दिवाणजी सुट्टीवर. मार्चच्या पगाराचं 15 एप्रिलला, आणि 14 ला आंबेडकर जयंती.

टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, "पीएफ" नावाचं एकच खातं ठेवणं हे मला अजिबात आवडत नाही. कामगार वाटा वेगळा, मालक वाटा वेगळा, आणि कामगार वाट्यात प्रत्येक महिन्यासमोर भरल्याची तारीख. ऑडिट असेल तर 3सीडी या टॅक्स ऑडिटच्या फॉर्मच्या कलम 20(बी) मध्ये हेच विचारतात, ठरलेली तारीख कोणती आणि प्रत्यक्ष कधी भरलं, आणि तिथला आकडा रिटर्नशी जुळला नाही की 143(1) च्या इंटिमेशनमध्येच, म्हणजे रिटर्न तपासून खात्याकडून येणाऱ्या सूचनेतच, रक्कम वाढवून डिमांड येते.

हे सगळं 31 मार्च 2026 ला संपणाऱ्या वर्षाचं, 1961 च्या कायद्याखालचं. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा आहे, त्याच्या तरतुदी त्या वर्षासाठी वेगळ्या बघायच्या, या हिशोबात मिसळायच्या नाहीत. 31 मार्च 2026 ला संपणाऱ्या वर्षात जे महिने 15 नंतर गेलेत त्यांचा कामगार वाटा आत्ताच वहीत वेगळा काढा, सीएला यादी द्या, आणि तो उत्पन्नात धरूनच टॅक्स भरा.