कल्पनेत रमलेलं पोर आणि भ्रमात अडकलेलं पोर

कल्पनेत रमणारी मुलं तुम्हाला ठाऊक आहेत. घरात एखादं असेल, नाहीतर लहानपणी तुम्हीच तसे असाल. गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर न सापडलेल्या देशाचा नकाशा, त्याचं चलन, राजघराण्याच्या तीन पिढ्या, आणि आईची तिसरी हाकही ऐकू न येणं. यात काळजीचं काही नाही. 'डॉक्टरांना दाखवून घ्या' म्हणणाऱ्या आत्याबाईंना तेवढं आवरा.

मला जास्त राग येतो तो उलट्या गल्लतीचा. खरोखर भ्रम सुरू झालेला असतो आणि घरचे 'वयच तसं आहे' म्हणत सहा-सहा महिने काढतात. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. विचार किती विचित्र आहे, एवढंच आपण बघतो. बघायचं असतं ते तो किती घट्ट धरलाय.

नववीतली मुलगी बसमधून उतरते. नाकावर पुटकुळी. 'सगळी बस माझ्याकडेच बघत होती!' अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली याला 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटलं. या वयात हा प्रेक्षक बहुतेकांच्या मागे असतो. 'सगळी? कंडक्टरसुद्धा?' असं विचारा. ती चिडेल, 'जाऊ दे, तुला नाही कळणार' म्हणेल आणि दहा मिनिटांनी पोह्यांवर लिंबू पिळत बसेल.

आता बारावीतला मुलगा. वाक्य तेच. 'कंडक्टरसुद्धा?' 'त्याला आधीच कळवलंय.' 'कोणी?' 'तुला माहितीये कोणी.' मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावलेली. आपण म्हणावं, अरे, बसमध्ये तुला कोण ओळखतं? तर तो म्हणतो, 'म्हणजे तूही त्यांच्यात आहेस.' मुलीच्या वाक्यात शंकेला जागा होती. इथे प्रत्येक खुलासा त्या कटातच जाऊन बसतो. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९१३ सालीच भ्रमाच्या खुणा सांगताना विलक्षण खात्री आणि कुठल्याही युक्तिवादानं न हलणं यांवर बोट ठेवलं होतं. म्हणून वाद घालू नका. 'तुला कशावरून वाटलं?' आणि 'दुसरं काही कारण असेल का?' हे दोनच प्रश्न शांतपणे विचारा, आणि दुसऱ्याचं उत्तर नीट ऐका.

मधली पायरीही असते. कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटणं, मनातलं इतरांना कळतंय असं क्षणभर वाटणं. २०१२ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा १३ ते १८ वयोगटात साधारण ७.५ टक्के मुलांनी असे अनुभव सांगितले. बहुतेकांचे ते आपोआप विरतात. डोळा लागताना आलेले आवाज तर सोडूनच द्या. घराण्यात देवीचा संचार मानत असतील आणि मुलगीही मानत असेल, तर तो भ्रम नव्हे. देवी टीव्हीवरच्या बातम्यांमधून फक्त तिलाच हुकूम देते, असं ती म्हणू लागली तर मात्र गोष्ट वेगळी.

दुसरी खूण म्हणजे बदल. नकाशेवालं पोर दुसरीपासून तसंच असतं. भ्रमाकडे सरकणारं पोर गेल्या वर्षी असं नव्हतं: झोप उलटी झाली, अंघोळ टाळतो, जिवलग मित्राचे फोन उचलत नाही. गांजाबद्दलही विचारा, पण ओरडू नका. गांजानं भ्रमाचा धोका वाढतो.

आणि असे भ्रम ज्यात दिसतात त्या आजाराबद्दल, कृपा करून 'स्किझोफ्रेनिया म्हणजे दुहेरी व्यक्तिमत्त्व' हे थांबवा. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली हा शब्द मांडला तो मनाच्या क्रियांमधली सांगड तुटते या अर्थानं. एका देहात दोन माणसं, हे सिनेमावाल्यांचं.

खात्री हलत नसेल आणि मुलगाही बदललेला दिसत असेल, तर परीक्षा होईपर्यंत थांबू नका, थेट मनोविकारतज्ज्ञांकडे जा. कुठे जायचं ते सुचत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.