हिब्रूला स्वर नाहीत? अर्धेच खरे

'हिब्रूत स्वरच नाहीत, त्यामुळे नवख्याला उच्चार कळणे अशक्य' हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. बोलण्यात स्वर आहेतच. आजच्या इस्रायली बोलीत मुख्यतः पाच: आ, ए, ई, ओ, ऊ. मुळाक्षरे 22, आणि ती व्यंजनांची, हे खरे. पण त्यांतली आलेफ, हे, वाव आणि योद ही चार स्वर दाखवायलाही वापरतात. 'शालोम' लिहिताना शीन, लामेद, वाव, मेम येतात. त्यातला वाव म्हणजे 'ओ'. 'आ' मात्र वाचणाऱ्याने ओळखायचा.

त्यासाठीही सोय आहे: निक्कुद, म्हणजे अक्षराच्या खाली, वर किंवा आत दिलेली टिंबे आणि रेघा. आपल्या काना-मात्रांचेच भावंड की! आज प्रचलित असलेली पद्धत तिबेरियास शहरातल्या मसोरेती, म्हणजे हिब्रू बायबलचा पाठ जपणाऱ्या, पंडितांची; इ.स. 1008 ची बायबलची लेनिनग्राड पोथी तशीच लिहिलेली आहे. आजही मुलांची पुस्तके, कविता आणि प्रार्थना निक्कुदसह छापतात, वर्तमानपत्रे सहसा नाही. म्हणून शिकायला वर्तमानपत्र घेऊन बसू नये.

खरी गोची व्यंजनांत आहे. बेत 'ब' की 'व', पे 'प' की 'फ', हे आतल्या टिंबावर ठरते. काफ टिंबाशिवाय आला की घशातून घासून निघतो, मराठी 'ख'सारखा नाही. बहुतेक इस्रायली लोक 'हेत' हे अक्षरही तसेच उच्चारतात. येमेनी ज्यूंच्या परंपरेत हेतचा उच्चार वेगळा राहिला आहे. रोमन स्पेलिंगमधला 'Ch' पाहून हेतने सुरू होणाऱ्या हनुक्का या ज्यू सणाला 'चनुका' म्हणणे मात्र कुठल्याच परंपरेत बसत नाही.