नॉर्मन क्रॉसचे काडकाम

इंग्लंडमध्ये पीटरबरो शहराजवळ नॉर्मन क्रॉस येथे १७९७ ते १८१४ या काळात, ब्रिटन-फ्रान्स युद्धांच्या दिवसांत, युद्धकैद्यांची मोठी छावणी होती. तेथील कैद्यांनी गव्हाच्या काडापासून केलेल्या जडावाच्या वस्तू ‘युद्धकैद्यांचे काडकाम’ म्हणून ओळखल्या जातात. खास युद्धकैद्यांसाठी बांधलेली ही पहिली छावणी मानतात. लाकडी बराकींत एका वेळी पाच-सहा हजार माणसे असत. त्यांत फ्रेंच बहुसंख्य, काही डच.

कैद्यांकडे वेळ भरपूर होता आणि पैसा नव्हता. सक्तीच्या भरतीत सुतार, कोरीवकाम करणारे असे कसबी कारागीरही सैन्यात ओढले गेले होते. जेवणातल्या मांसाची हाडे कोरून ते जहाजांच्या प्रतिकृती करत. आज या प्रतिकृतींचाच बोलबाला जास्त आहे. काडकाम मात्र त्याहून नाजूक.

काड भिजवून मऊ करायचे, उभे चिरून उलगडायचे आणि दाबून सपाट करायचे. अशा चपट्या पट्ट्या रंगवून, तासून लाकडावर किंवा जाड कागदावर सरसाने चिकटवत. काडाला अंगची सोनेरी चकाकी असते. पट्टी आडवी लावली की उभीपेक्षा वेगळी चमकते, त्यामुळे एकाच रंगातही नक्षी उमटते. चहाच्या पेट्या, शिवणकामाचे डबे, घड्याळे ठेवायच्या चौकटी, जहाजांची आणि इमारतींची चित्रे असा माल छावणीच्या दारावरच्या बाजारात विकला जाई. जुन्या डब्याचे झाकण उघडले की या कामाची खरी ओळख पटते: बाहेरची बाजू उन्हाने पिंगट पडलेली असते, पण आतले लाल-हिरवे रंग अजून ताजे दिसतात.

डबे विकायला परवानगी होती, काडाची वेणी विकायला मात्र बंदी. यामागे टोप्यांचा धंदा होता. बेडफर्डशर आणि आसपासच्या परगण्यांतल्या गरीब बायका-मुलांची रोजीरोटी टोप्यांसाठी वेण्या विणण्यावर चाले. युद्धामुळे इटलीची वेणी येईनाशी झाल्याने इथल्या वेणीला भावही चांगला होता. खाणेपिणे आणि निवारा सरकारकडून मिळणारा कैदी तीच वेणी कितीतरी स्वस्तात देई. बंदी आली आणि चोरटा व्यापार सुरू झाला. पहाऱ्यावरचे शिपाईच काड आत नेत आणि तयार वेणी कपड्यांखाली अंगाला गुंडाळून बाहेर काढत. सापडलेल्यांना फटके बसत. काड एका दमात सारख्या पट्ट्यांत चिरणाऱ्या छोट्या हाडी हत्याराचे श्रेयही अनेकदा या कैद्यांनाच दिले जाते.

या कलेचा उगम मात्र तुरुंगात झालेला नाही. काडाचे जडावकाम युरोपात सतराव्या शतकापासून होत होते. त्यामुळे जुन्या वस्तूंच्या बाजारात दिसेल त्या काडाच्या डब्याला ‘कैद्यांचे काम’ अशी चिठ्ठी लावण्याची सवय फारशी विश्वासार्ह नाही.

छावणीत सुमारे १,७७० कैदी मरण पावले, त्यांतले बरेच १८००-०१ च्या साथीत. १८१४ मध्ये उरलेले घरी परतले आणि १८१६ मध्ये बराकी पाडून लाकूड विकून टाकण्यात आले. हाडाच्या व काडाच्या शेकडो वस्तू आज पीटरबरोच्या संग्रहालयात आहेत.